क्षयरोग आणि अन्नांतील अमिनो अम्लें

क्षयाचा रोगी घरांत निघाला म्हणजे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. औषध कोणतें द्यावयाचें, हा पहिला. आणि खावयास काय द्यावयाचें, हा दुसरा. पहिला प्रश्न डॉक्टरला विचारला जातो, दुसरा घरांतील आईला किंवा आजीला. गेल्या दीडशें वर्षांत या दोन प्रश्नांचीं उत्तरें शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या वाटांनीं शोधलीं. कधीं औषधाचा पक्ष वर चढला, तर कधीं अन्नाचा. परंतु या दोन्ही वाटा एका ठिकाणीं एकमेकींस मिळतात, आणि तें ठिकाण म्हणजे अमिनो अम्लें या नांवाचा पदार्थांचा एक लहानसा वर्ग. त्या वर्गाचा क्षयाशीं असलेला संबंध कसकसा उलगडत गेला, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. आमच्या पालघर जिल्ह्याकडे पाहिलें तरी त्याचें मर्म ध्यानांत येतें. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निराळा झाला. त्याच्या पश्चिमेस, समुद्राच्या कांठीं, बोईसर-तारापूरचा पट्टा आहे. देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र येथें १९६९ सालीं सुरू झालें. शेजारच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे व औषधांचे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकीं लुपिन कंपनीच्या कारखान्यांत रिफाम्पिसिन हें क्षयावरील एक प्रमुख औषध तयार होत आलें आहे. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या बाजूला, जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें १९९२-९३ सालीं आदिवासी बालकें कुपोषणानें दगावलीं आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. एका टोकाला औषध आणि दुसऱ्या टोकाला भूक. मध्यें मोटारीनें दोन-तीन तासांचें अंतर. क्षयाचा इतिहास या दोन टोकांमध्येंच हेलकावे खात आला आहे.

प्रथम अमिनो अम्ल म्हणजे काय तें पाहूं. डाळींत, दुधांत, मासळींत, अंड्यांत जें प्रथिन असतें तें एकजिनसी द्रव्य नव्हे. वर्णमालेंतील थोड्या अक्षरांपासून जसे असंख्य शब्द बनतात, तशीं वीस अमिनो अम्लांच्या लांबलचक माळांपासून हजारों प्रथिनें बनतात. आपण अन्न खातों तेव्हां पोटांत हे शब्द मोडून त्यांचीं सुटीं अक्षरें होतात, आणि त्या अक्षरांतून शरीर आपले स्वतःचे शब्द जुळवितें. स्नायु, रक्त, कातडी, रोगाशीं झुंजणाऱ्या पेशी हीं सर्व त्याच लिपींत लिहिलेलीं आहेत. यांपैकीं पहिलें अम्ल १८०६ सालीं पॅरिस येथें व्होक्लॅं आणि रोबिके यांनीं शतावरीच्या जातीच्या एका भाजीपासून वेगळें केलें. वीसांपैकीं शेवटचें, थ्रिओनीन, अमेरिकेंतील विल्यम रोझ यांच्या हातीं १९३५ च्या सुमारास लागलें. यांतील नऊ अम्लें मानवी शरीराला स्वतः घडवितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात.

येथें आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. तांदूळ, गहूं, नाचणी या धान्यांत लायसीन नांवाचें अम्ल कमी असतें. डाळींत आणि कडधान्यांत तें भरपूर असतें, पण मेथिओनीन कमी पडतें. दोन्ही एका ताटांत आलीं कीं एकाची उणीव दुसरें भरून काढतें. ज्या आजीबाईंनीं वरणभाताची आणि खिचडीची जोडी घातली, त्यांनीं रोझसाहेबांचें नांव ऐकलें नव्हतें; पण त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता.

क्षयाचें आणि अन्नाचें नातें आपल्याकडे फार पूर्वींपासून ओळखलेलें आहे. चरकसंहितेंत राजयक्ष्म्याचीं चार कारणें सांगितलीं आहेत: साहस म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादि वेगांचें धारण, धातूंचा क्षय, आणि विषमाशन म्हणजे अयोग्य किंवा अनियमित आहार. चारांतील दोन कारणें श्रमाचीं आणि अन्नाचीं आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. उपचारांतही शेळीचें दूध आणि मांसरस यांस मान होता. रोगाचें बीज कोणतें हें त्या काळीं कळणें शक्य नव्हतें. परंतु हें बीज कोणत्या जमिनींत रुजतें, याची जाण मात्र होती.

तें बीज २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉक यांनीं जगापुढें ठेवलें. क्षय हा एका सूक्ष्म जंतूमुळें होतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. शत्रूचें नांव कळलें, पण त्याच्यावर चालणारें शस्त्र पुढें साठ वर्षें हातीं आलें नाहीं. या असहायतेची आठवण महाराष्ट्राला विशेष बोंचणारी आहे. जुन्या ठाणें जिल्ह्यांतील कल्याण येथें जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंतून डॉक्टरीची पदवी घेऊन परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. पाश्चात्य वैद्यकाची पदवी स्वतःच्या हातीं असूनही, तें वैद्यक त्यांना कांहीं देऊं शकलें नाहीं.

औषध नसल्यानें जगभर आरोग्यधामांचा काळ आला. मोकळी हवा, विश्रांति, आणि दूध, अंडीं, लोणी यांचा सकस आहार हीच चिकित्सा. आपल्याकडे पांचगणी येथें डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं असें आरोग्यधाम काढलें. मिरजेलाही अशी संस्था नांवारूपास आली. कांहीं रोगी तेथें सुधारत, अनेक सुधारत नसत. आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर राहून दूधअंडीं खाणें ज्यांना परवडे त्यांच्याचसाठीं हा उपाय होता. गिरणींतील मजूर किंवा वारली शेतकरी त्या हवेला पात्र नव्हता.

आहारानें क्षयाला खरोखर आळा बसतो काय, याचा एक विलक्षण पुरावा दुसऱ्या महायुद्धांत मिळाला. जर्मनांच्या बंदिछावणींत ब्रिटिश आणि रशियन कैदी होते. काम आणि छावणीचें जिणें सारखेंच; पण ब्रिटिशांना रेड क्रॉसच्या पुड्यांतून रोज सुमारें १,००० उष्मांकांचें आणि ३० ग्रॅम प्रथिनांचें जादा अन्न मिळे, रशियनांना तें मिळत नसे. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत ब्रिटिश कैद्यांत क्षयाचें प्रमाण १.२ टक्के, तर रशियनांत १५ ते १९ टक्के आढळलें. जंतु दोघांनाही भेटला असेल. पण शरीरानें त्याला दिलेलें उत्तर सारखें नव्हतें.

परंतु याच सुमारास औषधाचा पक्ष एकाएकीं बलवान झाला आणि हा धडा मागें पडला. १९४३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील रट्गर्स येथें वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शॅट्झ यांनीं मातींतील एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळविलें. १९४८ सालीं ब्रिटनमधील पद्धतशीर परीक्षेचे आंकडे प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकीं ४ दगावले. केवळ विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४. पण आनंद फार टिकला नाहीं. एकट्या औषधाला जंतु लवकरच सरावला आणि कित्येकांचा रोग पुन्हां उलटला.

जोडीस दुसरें औषध हवें होतें. तें स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील यॉर्गेन लेमान यांच्या विचारांतून निघालें. सॅलिसिलिक अम्लानें क्षयजंतूचा श्वास जोरानें चालतो, असें बर्नहाइम यांनीं १९४० सालीं दाखविलें होतें. लेमान यांनीं तर्क केला कीं, जें द्रव्य जंतु इतक्या आवडीनें घेतो त्यांत थोडा फरक केला, तर तोच घांस त्याच्या घशांत अडकेल. १९४३ सालीं त्यांनीं पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक अम्लाची, म्हणजे पासची, कल्पना मांडली. याच्या नांवांत ‘अमिनो’ आणि ‘अम्ल’ दोन्ही असलीं तरी तें प्रथिनांतील वीसांपैकीं नव्हे. तरीहि त्यामागील युक्ति महत्त्वाची आहे: शत्रूच्या आहारांत खोटें नाणें मिसळावयाचें. रोज दहा-बारा ग्रॅम कडू औषध गिळतांना रोग्यांचा जीव मेटाकुटीस येई. पण स्ट्रेप्टोमायसीनबरोबर पास दिलें असतां जंतु दाद देणें सोडीत नसे. १९५२ सालीं आयसोनायझिड हें स्वस्त व प्रभावी औषध येऊन त्यांस मिळालें.

आतां भारतांतील एका थोर प्रयोगाकडे वळूं. १९५६ सालीं मद्रास येथें भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन मंडळ यांनीं मिळून एक केंद्र काढलें. प्रश्न साधा होता: गरिबांच्या गर्दीच्या घरांत, अपुऱ्या जेवणावर राहणारा रोगी केवळ गोळ्यांनीं बरा होईल काय? १९३ रोग्यांचे दोन गट केले. एक आरोग्यधामांत, विश्रांति आणि सकस आहार घेत. दुसरा आपल्या घरीं, कामधंदा सांभाळून. दोघांना आयसोनायझिड आणि पास हीं औषधें एक वर्ष दिलीं. १९५९ सालीं निकाल आला: घरीं राहिलेले रोगी आरोग्यधामांतील रोग्यांइतकेच बरे झाले. या एका निकालानें जगभरचीं आरोग्यधामें ओस पडूं लागलीं, आणि क्षयाची चिकित्सा गरिबाच्या दारापर्यंत पोंचली. भारताच्या राष्ट्रीय क्षयनियंत्रण योजनेची १९६२ सालची उभारणी याच पायावर झाली.

मात्र या निकालाचा एक अर्थ लोकांनीं अधिकच ताणला. ‘औषध असलें म्हणजे अन्नाची गरज नाहीं,’ अशी समजूत हळूहळू बळावली. मद्रासच्या प्रयोगानें सिद्ध केलें तें इतकेंच कीं, रोग झाल्यावर तो बरा करण्याचें काम औषध कमी आहारावरही करतें. रोग मुळांत कोणाला होतो, या प्रश्नाला त्या प्रयोगानें हात घातला नव्हता.

यानंतर अमिनो अम्ल स्वतःच शस्त्र होऊन रणांत उतरलें. १९५४-५५ च्या सुमारास अमेरिकेंत, मातींतील स्ट्रेप्टोमायसीस जातीच्याच जंतूंपासून सायक्लोसेरीन नांवाचें औषध निघालें. सेरीन या अमिनो अम्लाला वांकवून कडें करावें तशी त्याची घडण आहे. त्याची करामत समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. आपले दोन हात सारखे असूनही डाव्या हाताचा मोजा उजव्यास बसत नाहीं. तशीं अमिनो अम्लेंही डाव्या आणि उजव्या वळणाचीं असतात. माणसाचीं प्रथिनें डाव्या वळणाच्या अम्लांचीं बनतात. क्षयजंतूच्या कवचांत मात्र उजव्या वळणाचें ॲलनीन हें अम्ल विटेसारखें बसविलेलें असतें. सायक्लोसेरीन ही त्या विटेची हुबेहूब नक्कल आहे. डाव्या ॲलनीनाचें उजवें करणारें एक विकर आणि दोन उजव्या विटा जोडणारें दुसरें विकर, अशीं जंतूचीं दोन्ही विकरें ही खोटी वीट हातांत घेऊन अडकून बसतात. भिंत पुरी होत नाहीं आणि जंतूची वाढ खुंटते.

पण या शस्त्राची धार दुहेरी आहे. सायक्लोसेरीन मेंदूपर्यंत पोंचतें. झोंप उडणें, मन खिन्न होणें, भ्रम होणें, क्वचित् झटके येणें असे त्याचे उपद्रव आहेत. म्हणून त्यासोबत ब-६ जीवनसत्त्व देतात आणि घरच्यांना रोग्याच्या मनःस्थितीवर लक्ष ठेवावयास सांगतात. साध्या क्षयांत याची गरज नाहीं. परंतु नेहमींच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील दीर्घ मुदतीच्या उपचारांत तें आजही उपयोगी पडतें.

तेव्हां साहजिकच विचार आला कीं, खोट्या अम्लानें जंतु मरतो, तर खऱ्या अम्लानें रोग्याला बळ मिळेल काय? यासाठीं आर्जिनीन हें अम्ल निवडलें गेलें. आपल्या रक्तांतील भक्षक पेशी आर्जिनीनापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायु तयार करतात, आणि उंदरांत हा वायु क्षयजंतूला मारतो. इथिओपियांत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या १२० रोग्यांच्या प्रयोगांत औषधांबरोबर आर्जिनीन दिलें, तेव्हां एचआयव्हीची बाधा नसलेल्या रोग्यांचें वजन अधिक वाढलें व खोकला लवकर उणावला. आशा वाढली. पुढें त्याच देशांत गोळीऐवजीं आर्जिनीनयुक्त भुईमुगाचे शेंगदाणे देऊन पाहिले. २०११ च्या निकालांत एकंदर रोग्यांच्या बरें होण्यांत फरक पडला नाहीं. इंडोनेशियांत २०० रोग्यांना घेऊन केलेल्या प्रयोगांत आर्जिनीनची रोजची मात्रा ६ ग्रॅम होती; २०१३ सालीं तेथेंही लाभ दिसला नाहीं. सारांश, वर्णमालेंतील एकच अक्षर मूठभर फेंकून पोथी लिहितां येत नाहीं.

संशोधन मात्र थांबलेलें नाहीं. त्यानें दिशा बदलली आहे. क्षयजंतु वीसही अमिनो अम्लें स्वतः घडवितो. त्या कामीं तो आपल्यापेक्षां स्वावलंबी आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशी ट्रिप्टोफॅन हें अम्ल तोडून त्याची उपासमार करूं पाहतात, पण तो तें स्वतः बनवून निभावतो, असें २०१३ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखविलें. न्यूयॉर्कमधील संशोधकांनीं २०१८ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, आर्जिनीन बनविण्याची शक्ति काढून घेतलेला क्षयजंतु झपाट्यानें मरतो. भोंवतालच्या शरीरांतील आर्जिनीनवर त्याचें भागत नाहीं. म्हणजे रोग्याला अम्ल चारण्यापेक्षां जंतूचा अम्लांचा कारखाना बंद पाडणें, ही उद्यांच्या औषधाची वाट दिसते. असें औषध निघेल तेव्हां तें बनविण्याचें काम कदाचित् तारापूरसारख्या वसाहतींतच होईल.

परंतु अन्नाचा पक्ष शेवटीं पुन्हां उभा राहिला, आणि तोही भारतांतच. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग व माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१९ पासून २,८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसें पाहिलीं. सर्व रोग्यांना औषधांबरोबर तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल असा शिधा मिळाला. निम्म्या भागांत घरांतील इतरांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वें दिलीं. २०२३ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निकाल छापला: शिधा मिळालेल्या कुटुंबांत नवा क्षय ३९ टक्क्यांनीं कमी झाला, आणि फुप्फुसांचा सांसर्गिक क्षय ४८ टक्क्यांनीं. रोग्यांतही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन चांगलें वाढलें त्यांच्यांत मृत्यु पुष्कळ कमी आढळले. बंदिछावणींतील रेड क्रॉसच्या पुड्यांनीं जें सुचविलें होतें, तें येथें डाळतांदुळानें पद्धतशीरपणें सिद्ध केलें.

मद्रास आणि झारखंड यांचे निकाल एकमेकांविरुद्ध नाहींत. झालेला क्षय औषध बरा करतें. होऊं घातलेला क्षय अन्न अडवितें. औषधाशिवाय रोग्याला केवळ दूधअंडीं चारणें हें जुन्या काळाकडे परत जाणें होईल. आणि उपाशी घरांत केवळ गोळ्या पोंचविणें म्हणजे एकाला बरें करून शेजारच्याला आजारी पडूं देणें होईल.

आतां हाच हिशेब जव्हार-मोखाड्यास लावूं. तेथील डोंगरउतारांवर नाचणी, वरई, उडीद, तूर पिकते. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी उतरते, आणि सुकट-बोंबील हा प्रथिनांचा उत्तम सांठा आहे. म्हणजे वीसही अक्षरें जिल्ह्यांतच आहेत. तीं एका ताटांत मात्र येत नाहींत. कापणी आटोपली कीं अनेक वारली व कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात. सहा महिन्यांचा औषधोपचार मध्येंच तुटण्याची भीति तेव्हांच असते, आणि पोटाची आबाळही तेव्हांच होते. शक्तीबाहेरचे श्रम आणि विषमाशन, हीं चरकाचीं दोन कारणें त्या भट्टीवर हातांत हात घालून उभीं असतात.

सरकारनें एप्रिल २०१८ पासून क्षयरोग्यास उपचार चालू असेपर्यंत आहारासाठीं दरमहा ५०० रुपये देण्याचें सुरू केलें. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. सप्टेंबर २०२२ मध्यें ‘निक्षय मित्र’ ही योजना निघाली; तिच्याद्वारें कोणीही नागरिक किंवा संस्था रोग्याच्या शिध्याचा भार उचलूं शकते. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हें सहज करतां येण्यासारखें आहे. रोग्याबरोबर त्याच्या घरांतील मुलाबाळांचें ताटही भरलेलें राहील, एवढें मात्र पाहावें. कारण झारखंडचा खरा धडा तोच आहे.

आणि एक सूचना. बाजारांत अमिनो अम्लांच्या भुकटीचे महाग डबे मिळतात. क्षयाचा रोगी घरांत असेल तर त्या डब्यावर पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या एकही दिवस न चुकवितां पुऱ्या मुदतीपर्यंत घ्याव्या. आणि ताटांत भाताबरोबर घट्ट वरण, जमेल तर अंडें, मासळी किंवा दूध असावें. इथिओपियापासून झारखंडपर्यंतच्या साऱ्या प्रयोगांचें सार एवढ्या दोन वाक्यांत येतें.